प्रॉक्सीचा गाभा आणि त्याचा मेळ

गोंदिया जंक्शनचा इतिहास ज्या शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात शिकविला असेल, त्यांस प्रस्तुत विषय अवघड वाटू नये. नागपूर–छत्तीसगढ रेल्वेचा मार्ग प्रथम मीटर मापाचा होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो हाती घेऊन रुंद मापाचा केला. पुढे १९०५ सालापर्यंत गोंदियाहून बालाघाट, नैनपूर ह्या वाटेने जबलपूरपर्यंत अडीच फुटांचा अरुंद मार्ग झाला. एकाच स्थानकात साडेपाच फुटांचे व अडीच फुटांचे रूळ आले, पण एकीकडचा डबा दुसरीकडे जाईना. प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून उतरवून पुन्हा चढवावे लागे. यात डबा मोडलेला नव्हता की इंजिन बिघडलेले नव्हते; मापच निराळे होते. आता तो मार्गही रुंद झाला आहे, परंतु मापाचा हा प्रश्न संगणकाच्या जगात आजही नित्य उभा राहतो.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. आपला संगणक इच्छित सर्व्हरकडे स्वतः न जाता मधल्या एका संगणकास सांगतो, तो आपल्या वतीने मागणी करतो आणि आलेले उत्तर आपणांस पोचवितो. मोठ्या विद्यालयांत व कचेऱ्यांत असा मुखत्यार ठेवण्याची कारणे साधी आहेत. एकदा मागविलेले पान साठवून दहा जणांस देता येते, कोणी कोठे जावे यावर नियंत्रण राहते आणि आतले संगणक बाहेरच्यांच्या दृष्टीस पडत नाहीत. १९९६ साली प्रसिद्ध झालेला ‘स्क्विड’ हा साठवण करणारा प्रॉक्सी आजही वापरात आहे.

येथे तीन गोष्टींची गल्लत होते. दूरध्वनीच्या पडद्यावर जे चिन्ह आपण दाबतो तो क्लायंट होय. त्याच्या पोटात जो कार्यक्रम प्रत्यक्ष काम करतो त्यास कोअर, म्हणजे गाभा, म्हणतात. आणि गाभा ज्या ठरावीक रीतीने पलीकडच्या सर्व्हरशी बोलतो तो प्रोटोकॉल. भातगिरणीच्या दारावरची पाटी कितीही नवी रंगविली, तरी तांदूळ निघावयाचा तो आतल्या यंत्राच्या कुवतीप्रमाणेच. दोन निराळ्या नावांच्या क्लायंटांत एकच गाभा असू शकतो, आणि एकाच क्लायंटात दोन-तीन गाभ्यांतून निवड करण्याची सोयही असते. ‘व्हीटूरेएन’ हा त्यांपैकी एक होय.

प्रोटोकॉलांतही पिढ्या आहेत. ‘सॉक्स’ ह्या जुन्या प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती पत्ता केवळ अंकांत घेई आणि केवळ टीसीपी पद्धतीची वाहतूक नेई. १९९६ साली निश्चित झालेल्या पाचव्या आवृत्तीत नावाने दिलेला पत्ता, यूडीपी वाहतूक व ओळख पटविण्याची रीत आली. चौथी जाणणाऱ्या क्लायंटास पाचवीच्या सर्व्हरकडे धाडले, तर सर्व्हर पहिल्याच शब्दाला नकार देऊ शकतो.

आपल्या देशातही ही अवस्था येऊन गेली आहे. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ ह्या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यात मुंबईची आयआयटी व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सहभागी होती. त्याच्या मुख्य मार्गावर आरंभी टीसीपी-आयपी व ओएसआय अशा दोन्ही रीती चालत. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक पहिल्या रीतीवर आली. एक रीत सर्वांनी मानली की गुंता सुटतो, हे खरे. पण प्रॉक्सीच्या क्षेत्रात तसे अद्याप घडलेले नाही, आणि घडेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

सध्याच्या गाभ्यांचेच पाहा. ‘व्हीटूरे’ ह्या गाभ्यातून २०२० साली ‘एक्सरे’ फुटून निघाला. दोघांची आज्ञापत्रे पुष्कळशी सारखी दिसतात. परंतु २०२३ साली एक्सरेने आणलेली ‘रिॲलिटी’ ही रीत मूळ व्हीटूरेस उमगत नाही. ‘सिंग-बॉक्स’चे आज्ञापत्र त्याच जेसॉन लिपीत असते, पण त्याची कलमे निराळी. ‘क्लॅश’ मात्र यामेल लिपीत लिहितो. त्याच्या मूळ कर्त्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आपले काम मागे घेतले आणि ‘मिहोमो’ ह्या नावाने दुसऱ्यांनी ते पुढे चालविले आहे. म्हणून एका गाभ्याचे आज्ञापत्र दुसऱ्यास दिल्यावर कार्यक्रम चालला नाही, तर दूरध्वनी बदलण्याचे कारण नाही. त्याच गाभ्याची आवृत्ती बदलली तरी जुनी कलमे कधीकधी रद्द होतात.

एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘व्हीमेस’ ह्या प्रोटोकॉलात दोन्ही टोकांची घड्याळे साधारण दीड मिनिटाच्या आत जुळावी लागतात. घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर परवलीचा शब्द बरोबर असूनही दार उघडत नाही. देशादेशांतील वेळेचा फरक येथे आड येत नाही. चूक हवी ती खुद्द घड्याळाची. अशा वेळी मनुष्य तासभर शब्द तपासत बसतो आणि घड्याळाकडे पाहतही नाही.

आता अगत्याचा मुद्दा. आपण दूरध्वनीवरून मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक भरतो. फुकट मिळणारा प्रॉक्सी त्या वाटेत उभा केला, तर तो काय पाहतो? मागणी उघडी असेल तर सर्व काही. ‘एचटीटीपीएस’ची बंद मागणी असेल, तर सामान्यतः कोठे जावयाचे तेवढेच. मात्र त्या कार्यक्रमाने आपल्या यंत्रात स्वतःचे प्रमाणपत्र बसवून घेतले, तर बंद मागणीही त्यास उघडता येते. मेळ उत्तम बसला म्हणजे मुखत्यार विश्वासू ठरला, असे नव्हे.

इयत्ता सातवीत हे खेळातून दाखविता येईल. तीन मुले ओळीने बसवावी. पहिल्याने उघडे पोस्टकार्ड मधल्याच्या हाती द्यावे व तिसऱ्याकडे पोचवावयास सांगावे. मग तोच मजकूर चिकटवलेल्या पाकिटातून. मधल्यास दोन्ही वेळा काय वाचता आले ते फळ्यावर लिहावे. तिसऱ्या फेरीत मधल्यास पाकीट फोडून पुन्हा चिकटविण्याची मुभा द्यावी, मात्र ही गोष्ट पहिल्या मुलास कळू देऊ नये. आणि आपले पत्र कोणी वाचले काय, हे प्रथम त्यालाच विचारावे.