भरलेल्या धरणाला तळातून भोक

कोयनेचं धरण बघायला लोक हौसेने जातात. बोगदे कुणी बघत नाही, बघू देतही नाहीत. पण या प्रकल्पाची खरी करामत डोंगराच्या पोटातच आहे. धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या आतून पश्चिमेला वळवून जवळपास पाचशे मीटर खाली, भूमिगत वीजगृहातल्या टर्बाइनवर सोडतात. वीज झाली की अवजल वाशिष्ठीच्या खोऱ्यात.

1000 मेगावॉटचा चौथा टप्पा करताना पेच असा पडला, की नव्या बोगद्याचं तोंड जलाशयाच्या पाण्याखाली हवं होतं आणि जलाशय रिकामा करणं शक्य नव्हतं. जुनी वीजगृहं त्याच पाण्यावर चालत होती. उपाय नॉर्वेत रुळलेला होता : लेक टॅपिंग. डोंगराच्या आतून जलाशयाच्या तळाच्या दिशेने खणत जायचं, शेवटचा काही मीटर खडक बुचासारखा राखायचा आणि तो एका दणक्यात उडवायचा.

बूच फार जाड राहिलं तर फुटत नाही, पातळ झालं तर माणसं आत असतानाच दगा देतं. बेसाल्टच्या भेगांतून पाणी झिरपतं, ते आधी सिमेंटचं ग्राउट दाबून बंद करावं लागतं. आणि डाव एकदाच खेळायचा. अर्धवट फुटलेल्या बुचाखाली पुन्हा कोण जाणार?

मला सगळ्यात आवडतो तो हवेचा हिशेब. बोगदा कोरडा ठेवला, तर पाणी धोंड्यांसकट सुसाट येऊन आतल्या दरवाजावर आदळेल. काठोकाठ भरला, तर पाणी जवळजवळ दबतच नसल्याने स्फोटाचा हादरा थेट दरवाजापर्यंत पोचेल. म्हणून बोगद्यात पाणी भरतात, पण बुचाखाली हवेचा कप्पा राखतात. हवा दबते आणि धक्का पचवते. फुटलेला दगड पडायला खाली खड्डा आधीच खणलेला असतो. सुरुंगही एकदम उडवत नाहीत : मधले आधी, कडेचे काही मिलिसेकंदांनी मागून, म्हणजे कडेच्या खडकाला मोकळ्या झालेल्या जागेत तुटून पडता येतं.

13 मार्च 1999 रोजी कोयनेत हे घडलं. आशियातलं पहिलं लेक टॅपिंग म्हणून ते गाजलं. 25 एप्रिल 2012 रोजी दुसरं झालं. पातळी उतरली तरी उन्हाळ्यात जलाशयातलं खालचं पाणी वापरता यावं, हा त्यामागचा हेतू. पाण्याचा वाटा मात्र त्याने वाढला नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वर्षाकाठी 67.5 टीएमसी, ही कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेली मर्यादा आहे.