मंद आचेवरचा सुगंध

अमेरिकेत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत अनेक घरांत शेगडीवर एक पातेले मंद आचेवर ठेवलेले असते. त्यात खाण्यापिण्याचे काही शिजत नसते. संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, लालबुंद क्रॅनबेरी, रोझमेरीच्या काड्या, कधी पाइनची डहाळी असे जिन्नस पाण्यात सोडायचे आणि वाफेबरोबर त्यांचा वास घरभर पसरू द्यायचा, एवढाच त्यामागचा हेतू. ही शेगडीवरची पॉपुरी. हेच जिन्नस सुकवून काचेच्या बरणीत थरांनी रचायचे, गळ्याला सुतळीने चिठ्ठी बांधायची आणि शेजाऱ्यांना किंवा मुलांच्या शिक्षकांना नाताळची भेट म्हणून द्यायचे, ही पद्धतही तिथे रूढ आहे.

पॉपुरी मूळची फ्रान्सची. तिथे सतराव्या शतकापासून गुलाबाच्या पाकळ्या मीठ घालून भांड्यात मुरवत, आणि अठराव्या शतकात सेव्रच्या कारखान्यात अशा मिश्रणासाठी भोके ठेवलेली चिनीमातीची उंची भांडी घडवली जात. ती पॉपुरी खोलीच्या तापमानाला हळूहळू दरवळत राही. शेगडीवरच्या पॉपुरीत ते काम उष्णता आणि पाणी मिळून करतात. भेट देण्याच्या बरणीत तर पाण्याची भूमिका दुहेरी आहे. सुगंध टिकवायचा तर जिन्नसांतले पाणी काढून टाकावे लागते, आणि सुगंध मोकळा करायचा तर पुन्हा पाण्यातच जावे लागते.

सुगंध वनस्पतीच्या कोणत्या भागात साठलेला असतो, हे आधी पाहायला हवे. संत्र्याच्या सालीच्या केशरी थरात तेलाच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. साल मुडपली की डोळ्यात उडणारा झणझणीत फवारा त्यांचाच. या तेलात ९० टक्क्यांहून अधिक वाटा लिमोनिन या एकाच संयुगाचा असतो. आतला पांढरा थर आणि गर यांचा वासाला फारसा उपयोग नाही. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, चक्रीफुलात ॲनेथॉल, रोझमेरीत सिनिओल आणि कापूर, पाइनच्या पानांत पायनिन अशी प्रत्येकाची मुख्य संयुगे वेगळी आहेत. क्रॅनबेरीचा वास मात्र जेमतेम. ती असते रंगासाठी.

इथे एक कोडे उभे राहते. युजेनॉल २५४ अंश सेल्सिअसला उकळते, सिनॅमाल्डिहाइड सुमारे २४८ अंशांना. पातेल्यातले पाणी तर १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. मग लवंगेचा वास स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत पोचतो कसा?

पहिले कारण असे की बाष्पीभवनासाठी उत्कलनबिंदू गाठावाच लागतो असे नाही. दोरीवरचे कपडे त्याशिवायच वाळतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही तेले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले तर प्रत्येक द्रव, जणू दुसरा तिथे नाहीच अशा रीतीने, आपापला बाष्पदाब देतो. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. म्हणजे पाण्याच्या सोबतीने तेलही १०० अंशांच्या किंचित खाली वाफेत निघू लागते, स्वतःचा उत्कलनबिंदू कितीही वर असला तरी. वाफेत तेलाच्या रेणूंची संख्या थोडी असते हे खरे, पण युजेनॉलचा एक रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा नऊ पट जड असतो. त्यामुळे मोजके रेणूही वजनाने बरेच तेल वाहून नेतात. कनौजचे अत्तर तयार करणारे कारागीर डेग आणि भपका या ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांतून गुलाबाचे तेल काढतात तेही याच तत्त्वावर. फरक एवढाच, की ते वाफ थंड करून सुगंध अडवतात आणि पॉपुरीत तो घरात सोडून दिला जातो.

प्रत्येक संयुगाची बाहेर पडण्याची वेळ वेगळी असते. पायनिन सुमारे १५६ अंशांना, तर लिमोनिन आणि सिनिओल सुमारे १७६ अंशांना उकळतात, म्हणून ती आधी निघतात. पहिल्या काही मिनिटांत संत्रे, पाइन आणि रोझमेरी पुढे असतात; पुढच्या तासांत दालचिनी आणि लवंग हळूहळू घराचा ताबा घेतात. खळाखळा उकळी आणली तर संत्र्याचा वास थोड्याच वेळात उडून जातो आणि मागे नुसता मसाल्याचा काढा राहतो. म्हणून आच इतकी मंद हवी की पाण्यातून फक्त अधूनमधून बुडबुडा यावा. मसाले अख्खे ठेवण्याचे कारणही हेच. पुडीतून तेल झपाट्याने सुटते, अख्ख्या लवंगेतून ते वाट काढत सावकाश येते.

मंद आचेवरही पाणी किती आटते, याचा हिशेब सोपा आहे. आधीच तापलेल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोजूल उष्णता लागते. बाष्पीभवनाला ३०० वॉट मिळत असतील तर एक लिटर पाणी दोन तासांच्या आसपास संपते. दर अर्ध्या तासाने गरम पाण्याची भर घालण्याची सूचना चिठ्ठीवर हवी ती त्यामुळेच.

पुढचा प्रवास नाकातला. माणसाच्या नाकात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुके शोधणारे संशोधन लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. एकच रेणू अनेक ग्राहकांना आणि एकच ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. त्या जुळणीतून मेंदू वास ओळखतो. युजेनॉल त्याशिवाय टीआरपीव्ही-१ या ग्राहकालाही चेतवते. हा तोच ग्राहक, जो तिखट मिरचीला आणि प्रत्यक्ष उष्णतेला प्रतिसाद देतो. लवंगेच्या वासात ऊब जाणवण्यामागे हेही एक कारण असावे. घरातल्या माणसांना थोड्याच वेळात वास जाणवेनासा होतो, तो मात्र संपलेला नसतो. नाक आणि मेंदू त्याला सरावलेले असतात. अशा वेळी मसाले वाढवण्याऐवजी दोन मिनिटे बाहेर जाऊन यावे.

भेटीच्या बरणीत सर्वांत अवघड जिन्नस म्हणजे संत्रे. ताज्या फळात सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी भरपूर असते. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक या प्रमाणावर मोजतात. शुद्ध पाण्याचा अंक एक, ताज्या फळाचा ०.९८ च्या आसपास, आणि अंक ०.६ च्या खाली गेला की बुरशीही वाढू शकत नाही. तिथवर पोचण्यासाठी अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या जाळीवर पसरून ओव्हनमध्ये सुमारे ९५ अंशांवर तीन-चार तास, अधूनमधून उलटत, सुकवतात. याहून जास्त तापवल्यास साखर करपून चकत्या तपकिरी पडतात. सुकवताना घरभर पसरणारा मोहक वास म्हणजे खरे तर भेटीचे नुकसान आहे. पाण्याच्या वाफेबरोबर लिमोनिन ओव्हनमधूनच निघून जात असते. यावर चांगला उपाय म्हणजे केशरी सालीच्या पातळ पट्ट्या वेगळ्या सोलून सावलीत वाळवणे आणि त्या चकत्यांच्या जोडीला घालणे. चकत्या दिसण्यासाठी, पट्ट्या वासासाठी.

एकच चकती आत ओलसर राहिली तरी बंद बरणीत तिचे पाणी सगळीकडे पसरते आणि कोरडे मसालेही दमट होतात. म्हणून सुकलेल्या चकत्या आठवडाभर वेगळ्या बरणीत ठेवून रोज हलवून पाहणे शहाणपणाचे. काचेवर बाष्प दिसले तर चकत्या पुन्हा ओव्हनमध्ये जायला हव्यात. ही तपासणी टाळण्याची घाईच बरण्या बिघडवते. ताजी रोझमेरी किंवा ताजी क्रॅनबेरी घालायचीच असेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत वापरावी. सुकी बरणी काही महिने टिकते. तीही उन्हात नको, कारण हवा आणि प्रकाश मिळून लिमोनिनचे ऑक्सिडीकरण करतात आणि वासाला टर्पेंटाइनसारखी झाक येते.

अर्धा लिटरच्या बरणीत पाच-सहा चकत्या, मूठभर सालपट्ट्या, दालचिनीच्या तीन कांड्या, चमचाभर लवंगा, तीन चक्रीफुले, चार तमालपत्रे आणि थोडी सुकी क्रॅनबेरी मावते. अमेरिकेत दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक कॅसिया. खाण्यात तिच्यातले कुमारिन खटकते, पण पॉपुरीसाठी तिचा तिखट, दणदणीत वास उलट सोयीचा. तिथली मराठी कुटुंबे तमालपत्र भारतीय दुकानातून आणत असतील तर एक फरक लक्षात घ्यावा. तीन ठळक शिरांचे आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याचा वास लवंग-दालचिनीकडे झुकतो. भूमध्यसागरी बे लीफमध्ये सिनिओल असल्याने त्याचा वास निलगिरीकडे जातो. नागपुरी संत्र्यांची साल सैल असल्याने त्यांच्या चकत्या सुटतात, पण सालपट्ट्यांसाठी ती उत्तम.

चिठ्ठीवर कृतीइतकीच सावधगिरीही हवी. पातेले सोडून घराबाहेर जाऊ नये. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचे सर्वांत मोठे कारण स्वयंपाकच आहे. लिमोनिनची हवेतल्या ओझोनशी प्रक्रिया होऊन थोडे फॉर्माल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार होतात, म्हणून एखादी खिडकी किलकिली असावी. दम्याच्या रुग्णाला ही भेट विचारूनच द्यावी. मांजराच्या यकृताला युजेनॉलसारखी संयुगे नीट निकामी करता येत नाहीत, तेव्हा मांजर पाळणाऱ्या घरात मिश्रण त्याच्या तोंडी लागू देऊ नये. डहाळी घालायची तर ती पाइनचीच आहे याची खात्री हवी; तिच्यासारखा दिसणारा यू हा वृक्ष विषारी आहे. हे पाणी पिण्यासाठी नाही, हेही स्पष्ट लिहावे.

पहिल्या दिवशी आच बंद केल्यावर पातेले निववून फ्रीजमध्ये ठेवता येते. दुसऱ्या दिवशी जुनी साल काढून नवी घातली की दालचिनी-लवंगांतले उरलेले तेल पुन्हा कामाला येते. पाणी गढूळ होऊन आंबूस वास येऊ लागला की सारे गाळून चोथा कंपोस्टमध्ये टाकावा.