ड्युटी चार्ट कोणाच्या हातात?

दवाखान्याच्या आतून : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण रिक्त पदांचा हिशेब पाहिला. त्यावरून परिचारिकांचे हाल केवळ माणसं कमी म्हणून होतात, असं वाटू शकतं. ते अर्धंच खरं आहे. आहेत त्या माणसांची आखणी कोण करतं आणि त्यांच्या बाजूने कोण बोलतं, यावरही त्यांची तब्येत आणि उमेद ठरते. नरसी नामदेवसारख्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं गणित मांडून पाहा. प्रसूतिगृह चोवीस तास चालवायचं तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. परिचारिका तीन असतील तर प्रत्येकीला सात, म्हणजे साप्ताहिक सुटी कागदावरच. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली की उरलेल्या दोघींना दहा-अकरा. त्यात आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला नरसीत भाविकांची रीघ लागते. पण ही तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. शेजारच्या केंद्रांतून जादा परिचारिका महिनाभर आधी मागून घेता येतात, किंवा आदल्या रात्री फोन करून असलेल्यांची रजा रद्द करता येते. दोन्हीकडे मंजूर पदं तेवढीच असतात. फरक पडतो तो नेतृत्वाचा.

संख्येचं महत्त्व यातून कमी होत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरचा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. मात्र त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकेतच अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास झाला होता, जिथे सर्वत्र टंचाई असतानाही परिचारिका टिकून होत्या. तिथे परिचर्या विभागाच्या प्रमुखाच्या शब्दाला व्यवस्थापनात वजन होतं, वॉर्डातले निर्णय वॉर्डातच होत आणि ड्युट्या अडीअडचण पाहून लावल्या जात.

‘आधी पदं भरा, नेतृत्वाचे धडे मग द्या,’ हा आक्षेप रास्त आहे. कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या, ते उगाच नव्हे. ताण घालवायला योगशिबिर भरवणं आणि रजेचा अर्ज पडून ठेवणं, याला नेतृत्व म्हणत नाहीत. पण भरती होईपर्यंतची वर्षं कोणीतरी निभावतंच आहे आणि ती कशी निभावली जातात, हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. त्यानंतर हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. औषधं, खाटा आणि माणसांचा प्रश्न एका माणसाच्या पाणउताऱ्यावर निभावला गेला. दोष असा वरून खाली ढकलण्याची सवय लागली की त्याची शेवटची पायरी रात्रपाळीची परिचारिका असते. मग ती चुकीच्या डोसची नोंद करायला धजत नाही आणि तीच चूक पुढच्या पाळीत पुन्हा होते.

आपल्याकडे वॉर्डाची परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, हिच्यावर हरवलेल्या बीपी मशीनपासून अस्वच्छ चादरीपर्यंत सगळ्याची जबाबदारी असते, अधिकार मात्र जवळजवळ नसतात. महिनाभर आधी चार्ट लावणं, नाइट करून आलेलीला त्याच दिवशी पुन्हा न बोलावणं, किरकोळ रजा स्वतः मंजूर करणं, परिचर्येबाहेरची नोंदणीची कामं नाकारणं, एवढे अधिकार तिला लेखी मिळायला हवेत. ‘मग मर्जीतल्यांना सकाळपाळी आणि बाकीच्यांना नाइट मिळतील,’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच चार्ट भिंतीवर लागावा, प्रत्येकीच्या नाइट मोजल्या जाव्यात आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती वॉर्डाबाहेरची असावी. अधिकार न देणं हा पक्षपातावरचा उपाय नाही; आज तोच पक्षपात तोंडी चालतो आणि त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. या अधिकारांसाठी नवी पदं लागत नाहीत, शासनाचा एक आदेश पुरतो. तो निघाला तरी जिल्हा रुग्णालयात कुठे अडतो, ते पुढच्या लेखांकात पाहू.