देवळापुढची खाऊगल्ली : भाग ५ – झाडलोटीच्या बदल्यात दुकान

टोकियोच्या आसाकुसा भागात सेन्सोजी मंदिराकडे जाणारा रस्ता आहे, त्याचं नाव नाकामिसे. लांबी जेमतेम अडीचशे मीटर, दोन्ही बाजूंना मिळून नव्वदेक दुकानं. पंखे, छत्र्या, चपला, खेळणी आणि खाऊ. इथे खाऊ विकणारी अनेक दुकानं गिऱ्हाइकाला एक विनंती करतात : घेतलेलं इथेच उभं राहून खा, चालता चालता खाऊ नका आणि कागद, काड्या आमच्याकडेच परत द्या. परदेशी पाहुण्यांना घेऊन निघालेल्या खाद्यफेरीचा मार्गदर्शकही सुरुवातीला हेच बजावतो. फेरी चालत करायची, पण खायचं थांबून.

पर्यटक वाढले म्हणून हा नियम आला असेल, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. गर्दीमुळे त्याला धार आली हे खरंच. पण त्याच्यामागचा व्यवहार सव्वातीनशे वर्षांहून जुना आहे, आणि तो समजला की या रस्त्यावरचा प्रत्येक घास वेगळा लागतो.

आधी देवळाचं. कथा अशी की, इसवी सन ६२८ मध्ये हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी या दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत एक मूर्ती आली. गावचा प्रमुख हाजी नो नाकातोमो याने ती कान्नोनची मूर्ती आहे हे ओळखलं आणि आपल्या राहत्या घराचंच देऊळ केलं. मूळ मूर्ती ६४५ पासून पडद्याआड आहे, भाविकांना ती दाखवली जात नाही. हा कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा आहे, तोच. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तो संकटात सापडलेल्यांना सोडवताना कोरला आहे, आणि त्या संकटांत जहाज बुडण्याचाही प्रसंग आहे. पाण्यावर पोट असणाऱ्यांचा हा जुना आधार चीन आणि कोरियामार्गे जपानला पोचला आणि तिथे कोळ्यांच्याच जाळ्यात सापडला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

१५९० मध्ये तोकुगावा इएयासू हा सरदार एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आला. त्याने सेन्सोजीला आपल्या घराण्याचं प्रार्थनामंदिर केलं आणि गर्दी वाढत गेली. गर्दी आली की केरकचरा आला. मंदिराचं आवार झाडायचं काम आसपासच्या रहिवाशांवर होतं. त्या सेवेच्या बदल्यात १६८५ च्या सुमारास त्यांना मंदिराच्या वाटेवर दुकानं मांडायची परवानगी मिळाली. नाकामिसेची सुरुवात ही अशी झाली. दुकान मिळालं ते झाडूच्या जोरावर. जपानमधल्या सगळ्यांत जुन्या बाजारपेठांत या रस्त्याची गणना होते. आजचा दुकानदार तुमच्या हातातली रिकामी काडी मागून घेतो तेव्हा तो तोच जुना करार पाळत असतो, असं मी मानतो.

हा करार प्रत्येक वेळी गोडीगुलाबीने चालला असं नाही. मेजी काळात मंदिराची जमीन सरकारजमा झाली. १८८५ मध्ये सरकारने जुनी दुकानं हटवली आणि त्याच वर्षाच्या शेवटी विटांच्या नव्या इमारती उभ्या केल्या. १९२३ च्या भूकंपात त्या कोसळल्या. १९२५ मध्ये काँक्रीटची दुकानं बांधली गेली. १० मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात मंदिराचं मुख्य सभागृह भस्मसात झालं, दुकानं आतून जळाली, पण काँक्रीटचे सांगाडे तगले. आज दिसतात ती दुकानं त्याच सांगाड्यांतली आहेत. २०१७ मध्ये मंदिराने या इमारती टोकियो महानगर प्रशासनाकडून विकत घेतल्या आणि भाडं जवळपास सोळापट करण्याचा प्रस्ताव ठेवला. आधीचं भाडं फारच कमी होतं हे मान्य केलं, तरी इतकी वाढ छोट्या दुकानांना एकदम पेलणारी नव्हती. चर्चा होऊन ती टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. चांगला मार्गदर्शक हेही सांगतो. गल्लीतला खाऊ महाग का होतोय, याचं उत्तर इथे आहे.

फेरी सुरू होते कामिनारीमोन या दरवाजापाशी. एका अंगाला वाऱ्याचा देव, दुसऱ्या अंगाला विजेचा देव आणि मधे ३.९ मीटर उंचीचा, ७०० किलो वजनाचा लाल कंदील. जुना दरवाजा १८६५ मध्ये जळाला. पुढची ९५ वर्षं तिथे कायमचा दरवाजाच नव्हता. १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीने तो बांधून दिला. पॅनासॉनिकचा संस्थापक तो हाच. दरवाजाजवळच कामिनारी ओकोशी मिळते. फुलवलेला तांदूळ पाकात घोळून, वड्या पाडून केलेली, कधी शेंगदाणे घातलेली. आपल्या मुरमुऱ्याच्या चिक्कीची सख्खी बहीण म्हणावी अशी. १७९५ मध्ये दरवाजा पुन्हा बांधला गेला, त्या सुमारास ही इथे विकायला लागली असं सांगतात. ती टिकते, म्हणून प्रवासी घरच्यांसाठी हीच नेत.

यापुढे रस्त्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो निंग्योयाकीच्या दुकानापुढे. किमुराया हे दुकान १८६८ पासून ही करतं. काचेपलीकडे कारागीर बसलेला असतो. त्याच्यापुढे आच आणि लांब दांड्यांचे बिडाचे साचे. साचा उघडून तो एका बाजूत अंडं, साखर आणि मैद्याचं पातळ पीठ ओततो. त्यावर अझुकीच्या लाल दाण्यांच्या गोड पुरणाची एकेक गोळी ठेवतो, वरून पुन्हा पीठ सोडतो, साचा मिटतो आणि आचेवर उलटवतो. त्या वेळात पुढचा साचा भरून होतो. हात एकदाही थांबत नाही, घड्याळाकडे नजर जात नाही. साचा उघडला की तपकिरी केक निघतात. कुणी पाच मजली पॅगोडा, कुणी कंदील, कुणी विजेचा देव, कुणी कबूतर. म्हणजे दोनशे पावलांवर जे बघायचं आहे तेच आधी हातात पडतं. कडेला जास्तीचं पीठ जळून झालर येते, ती काढली जाते. गरम निंग्योयाकी फोडली की आतून वाफ येते आणि बाहेरची कड किंचित कुरकुरीत लागते. डब्यातली थंड निंग्योयाकी मऊ पडलेली असते. मला गरमच आवडते, आणि ती तिथेच उभं राहून खाण्यात खरी गंमत आहे.

किबिदांगो मात्र काही मिनिटांतच खाऊन संपवायची वस्तू. वरीच्या जातीतल्या भरड धान्याच्या पिठाचे छोटे गोळे काडीला लावलेले, गरम पाण्यातून काढून भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेले. ते पीठ इतकं हलकं असतं की खाताना श्वास सोडला तर कपड्यावर उडतं. चालत खाऊ नका हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. जवळच तांदळाचे सेन्बे जाळीवर भाजून, सोया सॉस फासून मिळतात. पुरण भरलेले मांजू तळून मिळतात. वर्णन करत बसावं असं त्यांत फार नाही, पण थंडीत दोन्ही छान लागतात.

इमो योकानबद्दल मात्र लिहायलाच हवं. योकान ही अझुकीची वडी, पूर्वी सामान्य माणसाला महाग पडणारी. १९०२ मध्ये आसाकुसात फुनावा हे दुकान सुरू झालं. रताळ्यांच्या घाऊक व्यापाऱ्याने मिठाईवाल्याच्या साथीने काढलेलं. अझुकीऐवजी रताळं, साखर आणि चिमूटभर मीठ, एवढंच. गरिबाच्या खिशाला परवडणारी मिठाई म्हणून ती आली आणि आज आसाकुसाची ओळख होऊन बसली. रताळ्याची चव तिच्यात दबत नाही, हा तिचा मोठेपणा.

आसाकुसाला खाण्याचं ठिकाण केलं ते मात्र गोडाने नव्हे. १६५७ च्या मेइरेकी आगीत एदोचा मोठा भाग जळाला. शहर पुन्हा बांधायला बाहेरून मजूर आले, बहुतेक एकटे. त्यांना शिजलेलं अन्न हवं होतं. चहात शिजवलेला भात, तोफूचं सार, शिजवलेल्या डाळी असं ताट देणारी चहागृहं मंदिराच्या दारापुढे निघाली. एदोतल्या बसून जेवायच्या खानावळींची सुरुवात इथून झाली असं अभ्यासक मानतात. पुढे सुशी, सोबा आणि तेंपुरा हेही एदोच्या हातगाड्यांवरच मोठे झाले. आगीच्या भीतीने तळण घराबाहेर ठेवलेलं बरं असायचं. आज महागड्या दुकानात सुशी खाणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

त्यासाठी मार्गदर्शक हवा. जपानमध्ये परदेशी भाषेत, पैसे घेऊन वाट दाखवायला १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय परवाना लागत असे. त्याची परीक्षा अवघड. जानेवारी २०१८ पासून ती अट गेली, आता कुणीही फेरी काढू शकतो. त्याने तरुण आणि उत्साही माणसं या धंद्यात आली हे चांगलं झालं. पण निवड करणं आता आपल्यावर आलं. किती पदार्थ चाखायला मिळतील हे विचारण्याऐवजी किती दुकानांपुढे थांबणार आणि गटात किती माणसं असणार, हे विचारावं. पंधरा जणांचा घोळका अरुंद दुकानापुढे उभा राहिला की बोलणं ऐकू येत नाही आणि दुकानदाराची नेहमीची गिऱ्हाइकं परत जातात.

शाकाहारी वाचकांनी ‘मासे नकोत’ एवढं सांगून भागत नाही. जपानी सार, सॉस, भज्यांचं पीठ यांत बोनिटो माशाचा अर्क असतो आणि पुष्कळदा खुद्द विक्रेत्यालाही तो ‘मासा’ वाटत नाही. तो आहे का, असं नेमकं विचारा आणि मार्गदर्शकाला आदल्या दिवशीच कळवा. निंग्योयाकी आणि मेलनपान हा गोड पाव यांत अंडं असतं. इमो योकान, किबिदांगो आणि ओकोशी यांबाबत एरवी अडचण येत नाही, तरी वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत.

बहुतेक फेऱ्या सेन्सोजीच्या धुपापाशी संपतात आणि मला तिथेच त्या अपुऱ्या वाटतात. ईशान्येला सुमिदा नदीच्या दिशेने दहा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन हे छोटं देऊळ लागतं. एका बुटक्या टेकडीवरचं, सेन्सोजीच्याच अखत्यारीतलं. इथली देवता कांगीतेन. म्हणजे आपला गणपती, बौद्ध तांत्रिक परंपरेतून जपानला गेलेला. त्याचीही मूर्ती पडद्याआडच असते. देवळात जागोजागी दोन चिन्हं कोरलेली दिसतात : एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि नाण्यांची थैली. इथे नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. देवळातच मुळा विकत मिळतो, भाविक तो देवापुढे ठेवतात, आणि वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून येणाऱ्यांना दिले जातात. दर वर्षी ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव होतो, तेव्हा उकडलेला मुळा मिसो लावून सगळ्यांना वाटतात. भारतातल्या काही जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा असतो. आपल्याकडे मोदकापुढे तो मागे पडला, इथे तो पूजेत राहिला. क्योतोत तर मोदकाचा वंशज म्हणता येईल असा तळलेला गोड पदार्थही याच देवासाठी होतो, पण त्याच्यावर वेगळा लेख लिहायला हवा.

आसाकुसाला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. मंदिराचं सभागृह उन्हाळ्यात सहाला उघडतं, दुकानं नऊ-दहाला. मधल्या वेळात मात्सुचियामा होऊन या. मग नाकामिसेत तीनच पदार्थ निवडा, प्रत्येक त्या त्या दुकानापुढे उभं राहून खा आणि काडी, कागद दुकानदाराच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात आपण कामाकुराच्या कोमाची गल्लीत जाऊ. तिथे २०१९ मध्ये गर्दीत चालत खाण्याविषयी शहराला चक्क नियमच करावा लागला.