अ जीवनसत्त्व आणि त्वचेची राखण

अ जीवनसत्त्व म्हटले की रातांधळेपणा आठवतो, त्वचा सहसा आठवत नाही. लोहगडवाडीसारख्या मावळातल्या गावात परसातला लाल भोपळा किंवा शेवग्याचा पाला ताटात आला, की त्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर रेटिनॉल बनवते आणि पेशी त्याचे रेटिनॉइक आम्ल करतात. खरे काम या आम्लाचे. पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकाला चिकटून ते कोणती जनुके चालवायची आणि कोणती थोपवायची हे ठरवते. हा ग्राहक १९८७ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे सापडला.

म्हणूनच अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली रेटिनॉइड औषधे प्रतिजैविकांसारखी थेट जंतूंवर चालून जात नाहीत. मुरमांत केसाच्या मुळाचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत तेल साचते आणि त्यावर जिवाणू पोसतात. ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन ते तोंड मोकळे ठेवते आणि जंतूची चाहूल लागताच दाह पेटवणारे पेशींवरचे ग्राहकही कमी करते. आयसोट्रेटिनॉइनची गोळी तैलग्रंथीच आक्रसवते. मग जिवाणूंची उपासमार होते.

हीच द्रव्ये प्रतिकारशक्तीला आवर घालतात, तशी बळही देतात. दाह भडकवणाऱ्या टी-पेशींऐवजी त्याला लगाम घालणाऱ्या टी-पेशी तयार व्हाव्यात, याकडे रेटिनॉइक आम्लाचा कल असतो. उलट, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहारातून अ जीवनसत्त्व काढलेल्या उंदरांच्या त्वचेत जिवाणू मारणारे एक प्रथिन बनेनासे झाले.

मुरमांवरची रेटिनॉइड मलमे रात्री लावायची, कारण ट्रेटिनॉइन उजेडात विघटित होते. चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते, कधी मुरमे वाढल्यासारखी दिसतात आणि नेमके तेव्हाच अनेकजण औषध सोडतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. वांगावरच्या मलमात ट्रेटिनॉइनबरोबर स्टिरॉइडही असते. गोरे होण्यासाठी ते चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने चोपडले, तर त्वचा पातळ आणि लाल होते. हा खोडसाळपणा मात्र स्टिरॉइडचा, जीवनसत्त्वाचा नव्हे.

सोरायसिसवरच्या अ‍ॅसिट्रेटिन या रेटिनॉइडबाबत सर्वांत जास्त जपावे लागते. रेटिनॉइडच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. आयसोट्रेटिनॉइन थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, अ‍ॅसिट्रेटिननंतर किमान तीन वर्षे. पोटात दारू गेली, तर अ‍ॅसिट्रेटिनचे एट्रेटिनेट बनते आणि ते चरबीत दीर्घकाळ मुरून राहते.