मे महिन्यात जास्त तापतं कोण?

शहर तापतं आणि खेडं गार राहतं, असा सर्वसाधारण समज. साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या परिसरात तो उन्हाळ्यात गडबडतो.

खरिपाचा धान निघून गेलेला असतो. पाणी नसलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, उघड्या पडतात, माती भेगाळते. ओल नाही, पान नाही. त्यामुळे बाष्पीभवनातून मिळणारा गारवाही नाही. अशी जमीन सकाळपासूनच झपाट्याने तापते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतातल्या ८४ शहरांचा उपग्रहाच्या नोंदींवरून अभ्यास मांडला, तेव्हा मान्सूनपूर्व उन्हाळ्यात बहुतेक शहरं दिवसा भोवतालच्या शिवारापेक्षा थंड दिसली. रात्री मात्र चित्र उलटं: सिमेंट साठवलेली उष्णता सावकाश सोडतं.

उपग्रहावरून हिरवाई मोजण्याची युक्ती साधी आहे. टवटवीत पान लाल प्रकाश शोषून घेतं, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवतं. परतून आलेल्या या दोन्ही प्रकाशांमधल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की 'एनडीव्हीआय' मिळतो. रोवणीनंतर तो चढतो, कापणीनंतर कोसळतो.

तापमानाचं गणित अवघड. लँडसॅट ८ या उपग्रहाचा उष्णता टिपणारा संवेदक १०० मीटरचा चौकोन एकत्रच पाहतो. छोटी बोडी (तळं) आणि तिची तापलेली पार (बांध) त्यात मिसळून जातात. शिवाय मोजलं जातं ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे, आणि तेही सकाळी साडेदहाच्या सुमाराचं. दुपारी दोनच्या उन्हाचा हिशेब त्यावरून मांडणारे नकाशे जरा जपूनच वाचावेत. पावसाळ्यात तर ढगांमुळे कित्येकदा काहीच दिसत नाही.