गाडीतील दुसरी बॅटरी

मोटारगाडीत बॅटरी कशासाठी असते, असे विचारले तर बहुतेक जण दिवे आणि हॉर्न यांची नावे घेतात. वस्तुतः तिचे मुख्य काम काही क्षणांचेच असते. किल्ली फिरविताच स्टार्टर मोटरला मोठा विद्युतप्रवाह पुरवून इंजिनाला पहिली गती देणे, हे ते काम होय. पूर्वी ते माणसाच्या हाताला करावे लागे. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल अडकवून ते जोराने फिरवावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगटही मोडे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर बसविण्यात आला आणि बॅटरीचे गाडीतील स्थान पक्के झाले. आपल्याकडे जुन्या जीपगाड्यांसोबत हँडल पुढेही बरीच वर्षे मिळत असे. ज्यांनी ते फिरविले आहे, त्यांना ‘सेल्फ’ची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर सुमारे १५० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो; पण तो दोन-तीन सेकंदच. २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद वाहिला तरी एका अँपिअर-तासाचा केवळ सहावा भाग खर्च होतो. इंजिन सुरू झाले की त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करू लागतो, गाडीतील सर्व उपकरणे चालवितो आणि बॅटरीची ही किरकोळ तूटही भरून काढतो. थोडक्यात, गाडीची मूळ बॅटरी ही क्षणभर जोर लावणारी आणि लगेच विश्रांती घेणारी असते. तिच्यातील शिशाच्या पट्ट्या म्हणूनच पातळ आणि संख्येने पुष्कळ असतात. ती वारंवार निम्म्याहून अधिक उतरविली, तर या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि बॅटरी अकाली निकामी होते.

अडचण येते ती गाडी उभी असताना वीज लागते तेव्हा. गावोगाव फिरणारी ध्वनिवर्धकाची गाडी, रस्त्याकडेला उभी राहणारी खाद्यपदार्थांची व्हॅन, लांबच्या प्रवासात नेलेली शीतपेटी, गाडीत बसविलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर ही त्याची उदाहरणे. समजा, दिवे, पंखा आणि शीतपेटी मिळून ६० वॉट वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर याचा अर्थ ५ अँपिअर प्रवाह असा होतो. सहा तासांत ३० अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीच्या बॅटरीची सर्व साठवणच सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. मध्यरात्री दुकान आवरून चालक किल्ली फिरवितो, तेव्हा ‘कट्’ एवढाच आवाज येतो आणि धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. व्हॅनच्या मालकाचा यात एखादा तास जातो. रुग्ण पोहोचवून रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेला हा तास परवडणारा नसतो. म्हणून आतील उपकरणांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवण्याची पद्धत तेथे फार उपयोगी ठरते.

ही दुसरी बॅटरी वेगळ्या प्रकृतीची असावी लागते. तिच्या पट्ट्या जाड असतात. ती एकदम मोठा जोर लावत नाही, पण तासन्‌तास थोडी थोडी वीज देत राहते आणि खोलवर उतरणे सहन करते. घरातील इन्व्हर्टरला लावलेली ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. अर्थात ती उंच, जड आणि आम्लाने भरलेली असल्यामुळे हादरे खाणाऱ्या गाडीत बसविणे योग्य नव्हे. गाडीसाठी बंदिस्त प्रकारची बॅटरी घ्यावी. वरील उदाहरणात ७५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर निम्म्यापेक्षा कमी वीज वापरून रात्र निघते.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके एकमेकांना आणि ऋण टोके एकमेकांना जोडून दिली की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. घराच्या गच्चीवरील दोन टाक्या तळाशी नळीने जोडल्या, तर एका टाकीचा नळ उघडा राहताच दोन्ही रिकाम्या होतात. येथेही तसेच घडते. पहाटेपर्यंत दोन्ही बॅटऱ्या सारख्याच उतरतात आणि खर्च करूनही गाडी जागची हलत नाही. शिवाय एक बॅटरी जुनी आणि दुसरी नवी असेल, तर जुनी नवीला सतत ओरबाडत राहते. म्हणून इंजिन चालू असताना दोन्ही जोडलेल्या आणि ते बंद होताच वेगळ्या झालेल्या, अशी व्यवस्था हवी. दुसऱ्या बॅटरीचे सारे प्रयोजन या वेगळे होण्यात आहे.

हाताने चालविण्याचा जाड स्विच हा सर्वांत स्वस्त उपाय; पण तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून असतो, आणि दमलेला माणूस विसरतो. डायोडच्या साहाय्याने प्रवाह एकाच दिशेने वाहू देता येतो. मात्र साध्या डायोडमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दाब गळतो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. व्होल्टेजवर चालणारा रिले अधिक सोयीचा. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, तर अल्टरनेटर चालू होताच हा दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. रिले हा फरक ओळखतो. दाब साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आला की तोडतो. अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये मात्र इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटर आपला दाब मधूनमधून मुद्दाम कमी करतो. त्यामुळे हा रिले फसतो. अशा गाडीत १२ व्होल्टची वीज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हव्या त्या दाबाने पुरविणारा स्वतंत्र चार्जर बसवावा लागतो. लिथियमची बॅटरी वापरायची असेल तरीही तोच मार्ग सुरक्षित.

जोडणीची वायर निवडताना काटकसर महागात पडते. दुसरी बॅटरी डिकीत, ५ मीटर अंतरावर आहे असे समजू. जाण्या-येण्याची मिळून वायर १० मीटर होते. ६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीतून २० अँपिअर प्रवाह गेल्यास सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास ही गळती पाव व्होल्टाहून कमी राहते. धन वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज लावणे अत्यावश्यक आहे. एकच फ्यूज का पुरत नाही? कारण या वायरीच्या दोन्ही टोकांशी वीज साठविलेली असते. मधेच तिचे आवरण घासून तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले, तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर प्रवाह धावतो आणि वायर काही क्षणांत लाल होते. गाडीला आग लागण्यास एवढे पुरेसे असते. फ्यूज वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी अँपिअरचा असावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते.

बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो ठिणगीने पेटतो. त्यामुळे प्रवाशांच्या जागेत पाणी घालण्याची साधी बॅटरी ठेवू नये. बॅटरी पट्ट्यांनी घट्ट बांधावी. काम करताना हातातील कडे व अंगठी उतरवावी. प्रथम ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. गाडीची हमी शिल्लक असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात, आणि वायरिंग जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दुसरी बॅटरी स्वतः वीज निर्माण करीत नाही, हे अनेकदा विसरले जाते. रात्री खर्चिलेले ३० अँपिअर-तास दुसऱ्या दिवशी त्याच एका अल्टरनेटरला भरून द्यावे लागतात. किंबहुना थोडे अधिकच. शिशाची बॅटरी शेवटचा भाग फार संथपणे भरून घेते. त्यामुळे रोज दहा मिनिटेच धावणाऱ्या गाडीत ती कायम अर्धपोटी राहून लवकर खराब होते. तसेच, इंजिन चालू असतानाच संगीताच्या ठेक्यावर दिवे मंदावत असतील, तर दोष अल्टरनेटरच्या अपुऱ्या शक्तीत किंवा वायरिंगमध्ये शोधावा. आणि केवळ मोबाइल चार्ज करायचा असेल, तर एवढ्या खटाटोपाची काहीच गरज नाही.

निकामी झालेली बॅटरी उघडून शिसे काढण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. शिसे शरीरात साचत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा गंभीर परिणाम होतो. भारतात २००१ साली बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसंबंधी नियम झाले. त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली असून वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत दिल्यास तिच्यातील शिशाच्या मोलाइतकी रक्कम बहुधा किमतीतून वजा करून मिळते.